सत्तर सालची पॉलिसी आज जमीन साफ करायला पैसे देते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सासऱ्यांनी 1991 मध्ये उत्तर न्यू जर्सीत मेटल प्लेटिंगचा छोटा कारखाना घेतला. कंपनी मूळची 1958 ची. आता कारखाना बंद करताना इस्रा, म्हणजे इंडस्ट्रियल साइट रिकव्हरी ॲक्टखाली तपासणी झाली आणि भूजलात ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे धातूवरचं तेल-ग्रीस काढायचं सॉल्व्हंट, निघालं. सफाईचा अंदाज 11 लाख डॉलरचा आला. हल्लीच्या विमा कंपनीने ‘प्रदूषण पॉलिसीत बसत नाही’ म्हणून हात वर केले. जुन्या पॉलिसींतून पैसे निघतात असं कुणीतरी सांगितलं, पण घरात एकही जुनी पॉलिसी नाही. मग मुदत संपून चाळीस-पन्नास वर्षं झालेली, वर हरवलेली पॉलिसी काय कामाची?

पुष्कळ कामाची. मात्र ज्या क्रमाने तुम्ही विचार करताय, तो क्रम उलटा करा. आधी सफाई, मग पैशाची सोय, आणि जमलंच तर जुने कागद, असं बहुतेक लोक करतात. तुमच्या प्रकरणात जुने कागद पहिले. पॉलिसीचं एकेक वर्ष सिद्ध होईल तसे पैसे वाढतील आणि एकेक वर्ष निसटेल तसा त्याचा वाटा तुमच्या खिशातून जाईल. हे कसं, ते पुढे आकड्यांत दाखवतो.

आधी सध्याच्या कंपनीच्या पत्राबद्दल. त्यांच्यावर चिडू नका, ते बहुधा बरोबर आहेत. अमेरिकेतल्या प्रमाणित लायबिलिटी पॉलिसीत, म्हणजे तिसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणाऱ्या पॉलिसीत, 1986 पासून प्रदूषण सरसकट वगळणारं कलम आलं, आणि कारखान्यातून भूजलात गेलेलं रसायन हे त्या कलमाचं अगदी ठरलेलं उदाहरण. इंडियाना राज्यात असता तर या कलमावरही भांडायला जागा होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या कायगर प्रकरणात पेट्रोल पंपाच्या गळतीवर हे कलम संदिग्ध ठरवलं आणि 2012 मध्ये फ्लेक्सडार प्रकरणात, तेही याच ट्रायक्लोरोइथिलीनवर, तोच पवित्रा कायम ठेवला. न्यू जर्सीत ती मुभा नाही. त्यामुळे 1986 नंतरच्या पॉलिसींवर फार वेळ घालवू नका. आपला सगळा डाव 1958 ते 1985 या काळावर.

त्या काळातल्या पॉलिसी ‘ऑकरन्स’ पद्धतीच्या होत्या. नुकसान पॉलिसीच्या मुदतीत घडलं असलं की पुरे. दावा केव्हा आला याला महत्त्व नाही. हल्लीच्या डॉक्टरांच्या किंवा वकिलांच्या पॉलिसीत दावा मुदतीत यावा लागतो, तसं इथे नाही. 1966 च्या प्रमाणित मसुद्यात तर ‘ऑकरन्स’च्या व्याख्येतच ‘एखाद्या स्थितीशी येणारा अपायकारक संपर्क’ धरलेला आहे. फक्त त्यातून होणारं नुकसान विमेदाराला अपेक्षित किंवा अभिप्रेत नसावं. तुमच्या कारखान्यात डीग्रीझरच्या टाकीखालच्या फटीतून रोज थोडं सॉल्व्हंट झिरपत होतं आणि ते भूजलात मिसळत होतं, तर प्रत्येक वर्षी नवं नुकसान घडत होतं, आणि त्या प्रत्येक वर्षाची पॉलिसी आजही जागी आहे. तिचा हप्ता केव्हाच भरून झालाय. विमा कंपनीने ती जबाबदारी तेव्हाच विकत घेतली आहे.

1970 च्या सुमाराला विमा कंपन्यांना याची कुणकुण लागली आणि त्यांनी एक कलम जोडायला सुरुवात केली, 1973 च्या मसुद्यात ते कायमचं बसलं: प्रदूषण वगळलेलं, पण ते अचानक आणि अपघाताने झालं असेल तर चालेल. हळूहळू झिरपणं ‘अचानक’ कसं, असा त्यांचा आजही पहिला बचाव असतो आणि कित्येक राज्यांत तो चालतोही. न्यू जर्सीत चालत नाही, आणि त्याची कथा या धंद्यातली मला सगळ्यात आवडणारी. हे कलम मंजूर करून घेताना कंपन्यांनी राज्यांच्या विमा नियामकांना सांगितलं होतं की याने संरक्षण कमी होत नाही, आधीचंच स्पष्ट होतं. साहजिकच हप्तेही कमी केले नाहीत. 1993 च्या मॉर्टन प्रकरणात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, नियामकाला एक सांगून पॉलिसी मंजूर करून घ्यायची आणि विमेदाराला दुसराच अर्थ लावायचा, हे चालणार नाही. तेव्हापासून इथे हे कलम जाणूनबुजून प्रदूषण करणाऱ्यालाच लागू होतं. त्याच निकालात सफाईचा खर्च ही पॉलिसीतल्या अर्थाने ‘नुकसानभरपाई’च आहे, हेही ठरलं. मात्र मॉर्टन कंपनी स्वतः हरली. तिच्या पाऱ्याच्या कारखान्यातून काय वाहत होतं हे व्यवस्थापनाला ठाऊक होतं, असं रेकॉर्डवरून दिसत होतं. तुमच्या विरोधातही पहिली शोधाशोध याचीच होईल: 1960-70 च्या दशकांत मालकाला कुणी नोटीस दिली होती का, मागच्या दाराने पिंपं ओतली जात होती का. हे त्यांच्याआधी तुम्हाला माहीत असलेलं बरं.

सासऱ्यांनी नेमकं काय विकत घेतलं हे विक्रीच्या करारात बघा. कंपनीचे शेअर घेतले असतील तर प्रश्नच नाही: कंपनी तीच, तिच्या पॉलिसीही तिच्याच. फक्त जागा आणि मशिनरी घेतली असेल तर पॉलिसी जुन्या मालकाकडे राहिल्या असं विमा कंपनी म्हणेल आणि आमच्या संमतीशिवाय हस्तांतर नाही, असं कलमही दाखवेल. पण नुकसान घडून गेल्यानंतर पॉलिसीतला हक्क दुसऱ्याला देता येतो, त्याला संमती लागत नाही, हे न्यू जर्सीत 2017 च्या जिवोदान निकालाने पक्कं झालंय. जुना मालक किंवा त्याची कंपनी हयात असेल तर आजही तसा लेख करून घेता येईल.

आता कागद. पॉलिसीची मूळ प्रत मिळणं जवळजवळ अशक्य धरून चाला. तिची गरजही नाही. पॉलिसी होती, अमुक कंपनीची, अमुक मुदतीची, अमुक लिमिटची (म्हणजे कमाल किती रकमेची), इतकं दुय्यम पुराव्याने दाखवता आलं तर पुरतं, कारण मजकूर त्या वर्षीच्या प्रमाणित मसुद्यातून मिळतो आणि ते मसुदे जपून ठेवलेले आहेत. हेच काम करणाऱ्यांना अमेरिकेत विमा-पुरातत्त्ववाले म्हणतात. त्यांची फी जास्त असते, पण पहिला हात तुम्ही स्वतः मारा.

रोकड खर्चाची खातेवही सर्वात आधी. तुमच्या सासूबाई म्हणतात तशी तळघरात ‘जुन्या हिशेबाची खोकी’ असतील तर ती आता कुणीही हलवू नये, आवरू तर मुळीच नये. खातेवहीत एखादी ओळ अशी सापडेल: मार्च महिना, एका एजन्सीचं नाव, रक्कम, आणि शेरा ‘जन. लायब. 3 वर्षं’, म्हणजे जनरल लायबिलिटी. पॉलिसी नंबर नसेल, पण एजन्सी कळली, महिना कळला, आणि त्या काळी तीन वर्षांची पॉलिसी एकदम घेण्याची पद्धत असल्यामुळे एका ओळीने तीन वर्षं हाती लागतात. दुसऱ्या वहीत नुकसानीच्या क्लेमपोटी विमा कंपनीने पाठवलेला चेक जमा झालेला दिसला तर फारच उत्तम, कारण मग ती पॉलिसी अस्तित्वात नव्हती असं म्हणायची सोय उरत नाही.

नंतर गिऱ्हाइकांचे कागद. प्लेटिंगवाल्यांकडून मोठ्या कंपन्या, विशेषतः संरक्षण खात्याची कामं घेणाऱ्या, विम्याचं सर्टिफिकेट मागत. एका पानाच्या त्या सर्टिफिकेटवर कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर, मुदत आणि लिमिट एवढं सगळं असतं. ते तुमच्याकडे नसेल, पण ज्याला पाठवलं त्याच्या खरेदी खात्याच्या फाईलमध्ये असू शकतं. जागेवर कर्ज असेल तर बँकेची फाईल. जागा कधी भाड्याने होती तर भाडेकराराचं विम्याचं कलम आणि घरमालकाची फाईल. कंपनीवर कधी खटला झाला असेल, कुणी पाय घसरून पडलं असेल, तर कोर्टाच्या दफ्तरात बचाव करणारा वकील कुणी नेमला ते दिसतं. सीपीएने, म्हणजे अमेरिकेतल्या सीएने, ऑडिट केलेल्या ताळेबंदात ‘आगाऊ भरलेला विमा’ अशी ओळ असते आणि त्याच्या वर्किंग पेपरमध्ये तिचा तपशील.

एक जागा लोक हमखास विसरतात: कामगारांच्या भरपाईचा विमा. तो कायद्याने सक्तीचा, त्यामुळे त्याचा माग जास्त टिकतो, आणि छोट्या कारखान्यांत हा विमा आणि जनरल लायबिलिटी बहुधा एकाच ब्रोकरकडून, पुष्कळदा एकाच कंपनीकडून घेतलेली असायची. एवढ्याने पुरावा होत नाही, पण शोध कुठे घ्यायचा ते कळतं. राज्याच्या कॉम्पेन्सेशन रेटिंग ब्युरोकडे, म्हणजे या विम्याचे दर ठरवणाऱ्या संस्थेकडे, विचारून बघा.

आणि माणसं. जुन्या मालकाची हिशेबनीस, फोरमन, ब्रोकरचा मुलगा. ही माणसं आता ऐंशीच्या पुढची असणार, त्यांना आधी गाठा, कागद थांबतील. वकिलाच्या उपस्थितीत शपथपत्र घ्या. ‘आमचा विमा कायम अमक्याकडेच असायचा’ एवढं वाक्यसुद्धा मधली रिकामी वर्षं जोडायला उपयोगी पडतं.

नाव सापडल्यावर ती कंपनी आज कुठे आहे हा पुढचा शोध. इन्शुरन्स कंपनी ऑफ नॉर्थ अमेरिकाची जुनी पॉलिसी 1982 मध्ये सिग्नाकडे, 1999 मध्ये एस (ACE) या कंपनीकडे आणि 2016 पासून चब या नावाखाली आली. एटना कॅज्युअल्टीची ट्रॅव्हलर्सकडे. लंडनच्या लॉइड्स विमा बाजाराच्या जुन्या जबाबदाऱ्या 1996 मध्ये इक्विटास नावाच्या कंपनीत टाकल्या गेल्या आणि नंतर बर्कशायर हॅथवेच्या कंपनीने उचलल्या. होम इन्शुरन्सचं नाव निघालं तर मन घट्ट करा: ती 2003 पासून दिवाळखोरीत आहे, तशीच रिलायन्स इन्शुरन्स 2001 पासून. (आपल्या मुंबईच्या रिलायन्सशी तिचा काही संबंध नाही.) अशा वर्षांसाठी राज्याच्या गॅरंटी फंडाकडे, म्हणजे बुडालेल्या विमा कंपन्यांचे दावे भागवणाऱ्या निधीकडे, जाता येतं, पण तिथे मर्यादा आणि अटी दोन्ही कडक.

आता तो आकड्यांचा भाग. न्यू जर्सीत 1994 च्या ओवेन्स-इलिनॉय निकालापासून नुकसान सगळ्या वर्षांवर वाटलं जातं, तेही नुसतं वर्षांच्या संख्येने नाही, त्या त्या वर्षी किती लिमिट घेतलं होतं त्या प्रमाणात. समजा 1968 ते 1972 या पाच वर्षांत मालमत्ता नुकसानीचं लिमिट वर्षाला 1 लाख डॉलर होतं आणि 1973 ते 1985 या तेरा वर्षांत 5 लाख. बेरीज 5 लाख अधिक 65 लाख, म्हणजे 70 लाख. आता 1980 ते 1982 ही तीनच वर्षं तुम्हाला सिद्ध करता आली नाहीत तर 70 पैकी 15 भाग गेले, म्हणजे 11 लाखांतले सुमारे 2 लाख 36 हजार डॉलर तुमच्या अंगावर. त्याउलट 1968 ते 72 ही पाचही वर्षं हरवली तरी 70 पैकी 5 भागच जातात, सुमारे 79 हजार. म्हणून शोध उलटा करा: 1985 पासून सुरुवात करून मागे जा. एखाद्या वर्षी वर अम्ब्रेला पॉलिसी, म्हणजे मूळ पॉलिसीचं लिमिट संपल्यावर लागू होणारी वरची पॉलिसी, होती असं निघालं तर ते वर्ष आणखी जड होतं, तेव्हा अम्ब्रेलाचा माग सोडू नका.

मग 1986 नंतरच्या वर्षांचं काय? तेव्हा विमाच नव्हता, तर तो वाटा तुमचा, असं समोरचे म्हणतील. न्यू जर्सीचं उत्तर असं की जे संरक्षण बाजारात मिळतच नव्हतं त्याची वर्षं विमेदाराच्या डोक्यावर टाकायची नाहीत. 2018 च्या हनीवेल निकालात, ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत का होईना, हे तत्त्व पुन्हा उचलून धरलं गेलं. पण तुमच्या सासऱ्यांच्या काळातही, 1991 नंतर, डीग्रीझर गळत होता असं दिसलं तर तंटा वाढेल. ट्रायक्लोरोइथिलीनचा वापर कधी सुरू झाला, कधी थांबला, टाकी कधी बदलली, याच्या खरेदीच्या पावत्या म्हणून तर लाखमोलाच्या.

इथे तुमच्या एलएसआरपीचा, म्हणजे राज्याच्या परवानाधारक सफाईतज्ज्ञाचा, संबंध येतो. त्याची पहिली बांधिलकी कायद्याने लोकांच्या आरोग्याशी आहे, तेव्हा ‘अहवाल आमच्या सोयीने लिहा’ असं त्याला चुकूनही सांगू नका. पण दोन गोष्टी मागणं रास्त आहे. एक, प्रदूषण साधारण कोणत्या काळात जमिनीत गेलं याचं कारणांसह मत. दुसरी, भूजलाची चाचणी लवकर आणि नीट. जुन्या पॉलिसी विमेदाराच्या स्वतःच्या मालमत्तेचं नुकसान भरून देत नाहीत. फक्त तुमच्या आवारातली माती खराब असेल आणि ‘पुढेमागे भूजलात जाईल’ एवढीच भीती असेल, तर 1992 च्या सिग्नो निकालाप्रमाणे पैसे मिळणं अवघड. भूजल मात्र तुमचं नाही. ते दूषित झालं की तिसऱ्याचं नुकसान झालं, आणि ते थांबवण्यासाठी तुमच्याच आवारातली माती उपसावी लागली तर तो खर्चही मागता येतो. न्यू जर्सीत या रसायनाची भूजलातली मर्यादा फारच कमी आहे, आणि ते पाण्याहून जड असल्यामुळे खाली खाली बसत जातं. तुमच्या अहवालात ते मर्यादेच्या कितीतरी वर आहे असं तुम्ही लिहिलंय. सफाईच्या दृष्टीने ही वाईट बातमी, दाव्याच्या दृष्टीने भक्कम पाया.

दाव्याचं पत्र उद्याच गेलं तर बरं, सगळे कागद जमेपर्यंत थांबू नका. ज्या कंपन्यांची नावं नुसती ऐकीव आहेत त्यांनाही पाठवा आणि त्यांच्या दफ्तरात तुमच्या कंपनीच्या नावाच्या सगळ्या पॉलिसी शोधून प्रमाणित प्रती द्या, असं लेखी मागा. पत्रात कारखान्याचे सगळे जुने पत्ते आणि कंपनीची सगळी जुनी नावं घाला. गळती केव्हा सुरू झाली, कुणामुळे, याबद्दल एक अक्षर लिहू नका. अहवाल जोडला की झालं. उशीर झाला एवढ्यावरून न्यू जर्सीत दावा मरत नाही, उशिरामुळे आपलं खरोखर नुकसान झालं हे विमा कंपनीला दाखवावं लागतं. पण पत्र पोचण्याआधी केलेल्या खर्चाचा वांधा होतो. इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये तर कळवण्याआधीचा बचावाचा खर्च साफ नाकारलाय. म्हणून कंत्राटदाराशी मोठा करार करण्याआधी पत्र, आणि करार करताना विमा कंपन्यांना आधी कळवून त्यांचं म्हणणं मागवलेलं असावं.

एलएसआरपीला सांगून बिलं सुरुवातीपासून वेगळी काढा: तपासणी वेगळी, प्रत्यक्ष सफाई वेगळी. जुन्या पॉलिसींत बचावाचा खर्च लिमिटच्या बाहेर असतो, म्हणजे तो कितीही झाला तरी लिमिट तसंच राहतं. साठ-सत्तरच्या दशकांतली लिमिटं आज किरकोळ वाटतात, तिथे हा फरक मोठा पडतो. तपासणीचा कोणता भाग बचाव आणि कोणता भाग भरपाई, यावर प्रत्येक राज्यात वेगळे निकाल आहेत आणि तुमच्या वकिलाचा निम्मा पत्रव्यवहार यावरच होईल. वकील मात्र विमेदारांच्याच बाजूने काम करणारा घ्या. विमा कंपन्यांचीही कामं घेणारी फर्म तुमच्या कामाची नाही.

पहिलं उत्तर ‘हक्क राखून ठेवून तपास करत आहोत’ असं येईल. तो नकार नाही. त्यानंतर महिनोन्‌महिने प्रश्नावल्या येतील. उत्तरं देत राहा, पण तारखा लिहून ठेवा: कराराच्या दाव्याला न्यू जर्सीत सहा वर्षांची मुदत आहे आणि लेखी नकार आला की ती मोजायला लागलेली बरी. बहुतेक प्रकरणं कोर्टात निकालापर्यंत जात नाहीत, तडजोडीत मिटतात. तडजोडीच्या मसुद्यात एकच जागा तीनदा वाचा: तुम्ही त्यांना फक्त या जागेच्या पर्यावरणीय दाव्यातून मोकळं करताय, की पूर्ण पॉलिसीच त्यांना परत विकताय? दुसऱ्या प्रकारात पैसे जास्त मिळतात, पण उद्या एखादा शेजारी आपल्या विहिरीचा दावा घेऊन आला तर पाठीशी काही उरत नाही. शेजारी वस्ती असेल, आणि तुमच्या नकाशावरून ती आहे, तर मी पूर्ण पॉलिसी विकणार नाही. शिवाय शेजाऱ्याने विमा कंपनीवर दावा केला तर तुम्ही भरून द्याल, असं एक वाक्य त्यात हमखास घुसवलेलं असतं. ते काढून टाका, निदान मिळालेल्या रकमेपुरतं मर्यादित करा.

जाता जाता विचारलंत, भावाच्या अंबरनाथच्या कारखान्याला हे लागू होईल का. जवळजवळ नाही. भारतात असा जुना, सर्वसमावेशक ऑकरन्स विमा छोट्या कारखान्यांनी घेतलेलाच नव्हता, आणि पब्लिक लायबिलिटीच्या पॉलिसी साधारणपणे दावा मुदतीत यावा अशा धर्तीच्या असतात. भोपाळनंतर आलेला 1991 चा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायदा अपघातग्रस्तांना तातडीची मदत देण्यासाठी आहे, जमीन साफ करण्यासाठी नाही. जुलै 2025 मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केलेत, त्यात खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करण्याची तरतूद आहे. त्याने भावाच्या जबाबदाऱ्या वाढतील, पैशाची वाट मात्र त्यातून निघत नाही.

खोक्यांत काय निघालं ते कळवा. खातेवहीच्या पानांचे फोटो पाठवताना ब्रोकरचं नाव, महिना आणि रक्कम स्पष्ट दिसतील असे काढा, आणि पानं वहीतून सुटी करू नका.